पांढरी कुठी थांबते

चॉक तीनदा लाकडावर ठोकल्याचा आवाज आला आणि सुपातल्या लाखोळीच्या डाळीवर फिरणारा केसरबाईचा हात थांबला. ठक, ठक, ठक. मग एक फुंकर. तिच्या पूल टेबलाच्या दुकानात काठीच्या टोकाला लावायचे चॉक दिवसभर ठोकले जात. पोरं ठोकत, ऑटोवाले ठोकत, कोणी एकदा, कोणी नुसताच घासून ठेवून देई. पण तीनदा ठोकून, चॉक तोंडाशी नेऊन, बशीतला चहा निववावा तशी त्याच्यावर फुंकर मारणारा माणूस तिनं जन्मात एकच पाहिला होता. तिनं मान वर केली नाही. वर केली आणि तो नसला तर? आणि असला तर? दोन्हीची सारखीच भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून स्वतःचाच राग आला. तिनं लाखोळीतला एक खडा उचलला, तो खडाच आहे का नीट पाहिलं, बाहेर टाकला, आणि मग पाहिलं. केस गेले होते. पोट सुटलं होतं, गळ्याखालचं कातडं लोंबत होतं. पण काठी धरलेल्या हाताची करंगळी तशीच, बाकीच्या बोटांशी भांडण असल्यासारखी वेगळी निघालेली. गुणवंतराव साहेब. सव्वीस वर्षांनी, तिच्या दुकानात, तिच्या टेबलावर वाकलेला.

बाजूच्या दुकानात स्कूटीचं पंक्चर निघत होतं आणि बाहेर मे महिन्याचं ऊन भद्रावतीच्या रस्त्यावर उकळत होतं, एवढ्यासाठी तो आत आला होता. पोराचं घर आता इथंच आहे, रिटायर होऊन सात वर्षं झाली, असं तो लटारूला सांगत होता. लटारू ऑटोवाला रोज दुपारी दोन गेम खेळायला यायचा आणि कोणाशीही गप्पा मारायचा. "कूलर हाय बाप्पा इथी, बसा आरामशीर," असं म्हणून त्यानंच साहेबाच्या हातात काठी दिली होती. केसरबाई गल्ल्यामागं बसून ऐकत होती. आवाज तोच. वाक्याच्या शेवटी थोडं हसायचं, समोरच्यानंही हसावं म्हणून. समोरचे हसायचेही. साहेबांच्या कॉलनीच्या क्लबात सगळे हसायचे. तिचा नवरा सोमाजी तेवढा हसायचा नाही, कारण मार्करनं हसायचं नसतं; मार्करनं पाटीवर आकडे सरकवायचे, साहेबांच्या काठ्या पुसायच्या, आणि सगळे उठून गेले की टेबलाला ब्रश मारायचा. खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडं, कापडाची लव जिकडं झोपते तिकडं. उलटा हात मारला तर लव उभी राहते आणि बॉल सरळ चालत नाही. म्हाताऱ्या मुखरू मार्करनं सोमाजीला महिनाभर काठीला हात लावू दिला नव्हता. महिनाभर नुसता ब्रश. सोमाजी हे सांगायचा तेव्हा त्याच्या तोंडावर कष्टाचं नाही, मानाचं काहीतरी दिसायचं, आणि केसरबाईला त्याचं तेव्हा हसू यायचं. झाडू तो झाडू, त्यात कसला मान, असं ती म्हणायची. तिच्या हातातही क्लबाचा झाडूच होता.

दुपारी दोन ते चार साहेबलोक झोपायचे. क्लबाच्या खिडक्यांना हिरवे पडदे, आतमध्ये पाण्याखाली असावा तसा उजेड, आणि त्या उजेडात सोमाजीनं तिला काठी धरायला शिकवली. शाळेत ती दुसरीपर्यंत गेलेली. मग आलापल्लीला बाप लाकडाच्या डेपोत लागला आणि शाळा राहिली ती राहिलीच. म्हणून सोमाजीनं डब्यातली भाकर काढली होती. "हे पांढरी समज, काठीनं मारतो तो बॉल," तो म्हणाला आणि बोटानं भाकरीवर पाच खळगे पाडले: वर, खाली, डावीकडं, उजवीकडं आणि मधोमध. वर मारलं की पांढरी समोरच्या बॉलला शिवून त्याच्याच मागं धावते. खाली मारलं की शिवते आणि परत येते. मधोमध, जरा दाबून मारलं तर जिथं शिवली तिथंच थांबते. बगलेत मारलं तर काठाला लागेपर्यंत कोणाला कळू देत नाही, आणि काठाला लागली की भलतीकडंच वळते. साहेबलोक त्याला फॉलो म्हणत, स्क्रू म्हणत, साईड म्हणत. तिला नावं नको होती. तिला भाकर कळली होती. "बॉल त साहेबबी पाडते, केसर," सोमाजी म्हणायचा. "बॉल पडल्यावर पांढरी कुठी थांबते, ते पाह्य." मग दोघांनी ती भाकर खाल्ली, खालचा खळगा तिच्या वाट्याला आला, आणि आजही मागं ओढायचा मार मारताना तिच्या जिभेवर ज्वारीची चव येते. हे तिनं कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं ते नाहीच.

टेबलावर लटारू हरला. हरणारच होता. कुरकुर न करता त्यानं भिंतीवरच्या खिळ्यावरून ब्रश काढला आणि वाकून टेबल झाडू लागला. गुणवंतराव पाहत राहिला. "हे काय? तुम्हीच?"

"इथला रूल हाय न साहेब. जो हारन तो ब्रश मारन."

"अरे, पण माणूस ठेवा ना एक!"

"केसरबाईचा रूल हाय. आमदार आला तरी मारन."

इथं खाणींची काळी धूळ दारं लावली तरी आत येते. सकाळी पुसलेली पांढरी दुपारपर्यंत राखेच्या रंगाची होते, हिरव्या कापडावर हात फिरवला तर बोटं काळी. म्हणून रूल. असं केसरबाई सगळ्यांना सांगायची. खरं कारण तिनं सुनेलाही, माधवीलाही सांगितलं नव्हतं. ब्रशाची मूठ सागवानी होती, आलापल्लीच्या डेपोतल्या तुकड्यातून तिच्या बापानं जावयासाठी तासलेली. क्लबातून काढलं त्या दिवशी सोमाजीनं एवढी एकच वस्तू बरोबर आणली. तो ब्रश घरी खुंटीला टांगला आणि मेला तोवर खाली काढला नाही. क्लब सुटल्यावर विटांच्या भट्टीवर लागला, मग ट्रकवर. काठी पुन्हा धरली नाही. तो गेल्यावर पोरानं, राजदीपनं, हे दुकान टाकलं, दोन टेबलं आणली, तेव्हा केसरबाईनं ब्रश काढला, धुतला, आणि दुकानाच्या भिंतीला खिळा मारला. जगातल्या हरणाऱ्या प्रत्येकानं ही मूठ धरली पाहिजे, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता ती मुठीकडं पाहत होती, लटारूच्या हातातल्या, आणि तिला कळलं की जगातल्या प्रत्येकाशी तिचं काही नव्हतं. एकाच हाताची ती वाट पाहत होती.

"आम्ही नाही बुवा मारणार ब्रश," गुणवंतराव हसला. "आमच्या क्लबात मार्कर असायचा."

केसरबाई उठली. गुडघे वाजले. सूप बाजूला ठेवून तिनं पदर खोचला. "हारत नसान त कायले भेता, साहेब? या. एक गेम माह्यासंग."

लटारूच्या तोंडातून "आँ?" निघालं. केसरबाईला खेळताना कोणी पाहिलं नव्हतं. शटर उघडायच्या आधी, सकाळी, एकटी खेळायची ती. आतून चहाचे कप घेऊन आलेली माधवी दारातच उभी राहिली. तिला तेवढं ठाऊक होतं. सासूचं तोंड पाहून तिनं कप टेबलापासून लांब ठेवले.

"तुम्ही? खेळता?" साहेबाचं वाक्य शेवटी हसलं.

"झाडता झाडता येते थोडंसं. पन रूल तोच. हारला तो ब्रश मारन. पूर्न टेबल, उभ्यानं."

"ठीक आहे बाई. तुमच्या शब्दाबाहेर कोण आहे."

त्यानं ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? नऊ वर्षं ती त्याच्या पायाखालची फरशी पुसत होती आणि तो पाय उचलायचा, एवढीच त्यांची ओळख. त्याच्या लेखी ती "मार्करची बाई" होती, आणि नाव नसलेल्या माणसाला तोंडही नसतं. हे बरंच झालं असं ती स्वतःला म्हणाली, आणि बरं वाटलं नाही.

ब्रेक, म्हणजे पहिला मार, त्याचा. खेळ चांगला होता अजून, हे कबूल करावं लागलं. पट्ट्यावाले बॉल त्याच्या वाट्याला आले आणि त्यानं ओळीनं पाच पाडले. पण प्रत्येक बॉल पडल्यावर त्याची नजर टेबलाच्या खिशाकडं जायची, पांढरीकडं नाही. तेव्हाही असंच होतं. पडलेल्या बॉलवर खूश होणारा माणूस. सहाव्याला पांढरी काठाला चिकटली, मार वाकडा गेला. दोन पट्टे उरले. केसरबाईचे सातही साधे बॉल टेबलावर. तिनं नारिंगी पाडला, निळा पाडला, मरून रंगाचा पाडला. घाई नव्हती, प्रत्येक वेळी मनात भाकर धरून तिनं बोट कुठं टेकायचं ते ठरवलं, आणि प्रत्येक वेळी पांढरी सांगितल्या जागी जाऊन थांबली. लटारू "अरे बाप, अरे बाप" करत होता. साहेबाचं हसू थोडं मागं सरलं होतं. आणि मग पिवळ्यासाठी वाकताना तिला ते दिसलं.

टेबल मोठं की लहान, बॉल कोणत्या रंगाचे, हे सगळं वेगळं होतं, पण जागा त्याच होत्या. लाल आणि जांभळा एकमेकांना बिलगून उभे, त्यांच्या पलीकडं साहेबाचा पट्टा, खिशाच्या तोंडाशी. पांढरी जर या दोघांच्या अलीकडं, अगदी जवळ येऊन बसली, तर त्या दिवशीचीच मांडणी. त्या दिवशी क्लबाचा सामना होता. बायका नटून खुर्च्यांवर बसल्या होत्या. ती झाडू घेऊन दारात उभी होती, सातवा महिना, पाय सुजलेले. साहेबाची पांढरी आडोशाला अडकली. काठाला मारून जायची साधी वाट होती, पण बायका पाहत होत्या. त्यानं काठी उभी केली, मुसळासारखी, वरून मारून पांढरी आडोशाला वळसा घालून न्यायची म्हणून. काठीचं टोक कापडात शिरलं. आवाज अगदी लहान होता, नवं लुगडं दुकानात फाडतात तेवढा. हातभर कापड गेलं. साहेबानं वर पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, आणि त्याची नजर फिरत फिरत सोमाजीवर येऊन थांबली. ती कशी थांबली ते तिनं पाहिलं होतं. "कापड ढिलं ताणलंय ह्यानं." तेवढंच. दुसऱ्या दिवशी तेच सोमाजीला काढल्याच्या कागदावर आलं.

आणि तिची तिलाच सव्वीस वर्षं न सुटलेली गाठ ही होती, की ते कापड चढवताना दुसरं टोक तिनं धरलं होतं. पंधरा दिवस आधी, दुपारी, पडदे लावून. सोमाजी चुका, बारीक खिळे, ठोकत होता, ती मधल्या खिशाजवळ दोन्ही मुठींनी ओढून धरत होती, आणि तेवढ्यात पोटातल्या राजदीपनं लाथ मारली. एक श्वासभर तिची मूठ सैल झाली. एकच. तेवढ्यात सोमाजीनं चूक ठोकली. तिनं त्याला सांगितलं नाही. नंतर, ब्रश खुंटीला टांगल्यावर, त्यानंही कधी विचारलं नाही, "ढिलं होतं काय केसर?" आणि कधी म्हणालाही नाही, "ढिलं नव्हतं." मेला तो तसाच, काही न म्हणता, आणि ती रात्रंदिवस साहेबाला शिव्या देत राहिली, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जातील अशा, म्हणजे आपल्या मुठीचा आवाज आपल्याला ऐकू येऊ नये.

तर आता. पिवळा सरळ होता, मधोमध मारला तर पडतो, पांढरी तिथंच थांबते, पुढं लाल, जांभळा, हिरवा, काळा, गेम संपला. साहेब ब्रश मारेल. तेवढ्यासाठीच तर ती उठली होती. पण या टेबलाचं कापड गेल्या महिन्यात तिनं स्वतः चढवलं होतं, माधवीला एका टोकाला उभं करून, आणि प्रत्येक चुकेआधी नख मारून पाहिलं होतं. ढोलकीसारखं वाजत होतं. यात एक श्वासही सैल नव्हता. या कापडावर तोच मार, तोच हात. हे फाटलं तर तेही त्याच्याच हातानं फाटलं होतं. फाटू दे. तिनं काठीचं टोक पांढरीच्या तळाशी नेलं, भाकरीच्या खालच्या खळग्यावर, आणि निशाण खिशापासून केसभर हटवलं. पिवळा खिशाच्या ओठाला लागून बाहेर आला. पांढरी त्याला शिवली, क्षणभर जागीच गरगरली, आणि मागं सरकत सरकत लाल-जांभळ्याच्या आड जाऊन बसली.

"हुकला न बाई!" लटारू हळहळला.

साहेब हळहळला नाही. तो टेबलाभोवती एक फेरी मारून आला. "हुकला नाही रे. बाईंनी मला कोंडलंय." पहिल्यांदाच त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. "कुठं शिकलात हो तुम्ही?"

"खेळा साहेब. वाट असन त खेळा. नसन त सोडा, आमच्याइथी लहान पोरंबी सोडते असा शॉट."

तिनं ते असं म्हटलं की लटारू खिदळला. साहेबाची मान ताठ झाली. त्यानं चॉक घेतला. ठक, ठक, ठक. फुंकर. आणि काठी उभी केली.

माधवीनं तिचा दंड धरला. "आई, कापड फाडन न हा मानूस! आत्ताच त चढवलं."

"फाडू दे," केसरबाई पुटपुटली. "फाडू दे, तू चूप."

काठीचं टोक पांढरीच्या डोक्यावर, वरून, चिमणीच्या चोचीसारखं खालीवर होत होतं. करंगळी वेगळी. कूलरचा आवाज बंद झाल्यासारखा वाटला, बंद नव्हता झाला. तिच्या दोन्ही मुठी वळल्या होत्या, जणू कापडाचं टोक अजून तिच्याच हातात होतं आणि आता सोडायचं नव्हतं, पोटात कोणी कितीही लाथा मारल्या तरी. मार, ती मनात म्हणाली. मार रे. मार एकदाचा.

साहेबानं काठी खाली घेतली. आणि हसला.

"नको बाबा. ह्या नादात एकदा कापड फाडलंय मी."

"हाव?" लटारूला गोष्टी आवडत. "कुठी?"

"कॉलनीच्या क्लबात. सामना होता, लेडीज बसलेल्या, मला चढली हौस. हातभर फाडलं! कापड नवंकोरं, ढोलासारखं ताणलेलं. मार्कर होता तो एकदम हुशार माणूस. पण आता म्हणणार काय तिथं सगळ्यांसमोर? सांगून टाकलं, ढिलं लावलंय म्हणून." वाक्य शेवटी हसलं. "बिचाऱ्यावर गेलं ते."

"मंग मार्कर?"

"मार्कर काय... गेला असेल कुठंतरी. नाव पण आठवत नाही आता."

ढोलासारखं ताणलेलं. केसरबाईनं हे शब्द ऐकले आणि तिच्या मुठी आपोआप उघडल्या. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की हा शब्द त्याच्या तोंडून निघेल तेव्हा तो रडत असेल, किंवा पाया पडत असेल, निदान घामाघूम तरी होईल. आणि तो निघाला पंक्चर निघेपर्यंतच्या गप्पांत, ऑटोवाल्याला हसवायला. तिची मूठ सैल झाली नव्हती. झाली असेल तरी कापड सैल झालं नव्हतं. हे सोमाजीला सांगायला पाहिजे, असं तिला अगदी खरंखुरं वाटलं, आत जाऊन सांगावं असं, आणि आत कोणी नव्हतं. मग त्या रिकाम्या जागेत जे चढत आलं त्याला तिनं अडवलं नाही. आतापर्यंतच्या तिच्या रागात अर्धा राग स्वतःवरचा होता, पाणी घातलेल्या दुधासारखा. आता तो निव्वळ झाला.

साहेबानं काठाला मारून पाहिलं. पांढरी कोणत्याच पट्ट्याला शिवली नाही. फाऊल. रूलप्रमाणं पांढरी केसरबाईच्या हातात आली. हवी तिथं ठेवायची.

तिनं ती पदरानं पुसली, धूळ निघेपर्यंत पुसली, आणि ठेवली. लाल मधोमध मारला; पांढरी शिवल्या जागी थांबली. तिथून जांभळा, वरच्या खळग्यावर. पांढरी त्याच्यामागं दोन वीत चालत गेली, हिरव्यासमोर. हिरवा खालच्या खळग्यावर. गेली, शिवली, परत आली. पिवळा आता कोपऱ्यात अवघड होता, म्हणून उजव्या बगलेत. पांढरी काठाला लागली, वळली, आणि टेबल ओलांडून काळ्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली, कोणी बोलावल्यासारखी. काळा पडला तो आवाजही न करता पडला. पांढरी एकटी राहिली टेबलाच्या मधोमध.

"मान गए बाई," गुणवंतराव म्हणाला आणि काठी भिंतीला लावून रुमाल काढला. "चला, पंक्चर झालं असेल."

केसरबाई दाराच्या वाटेत उभी होती. तिच्या हातात ब्रश होता, मूठ त्याच्याकडं केलेली.

"रूल."

"अहो बाई, आता वयाला तरी..."

"सबद देल्ला तुमी. लटारूभाऊ हाय न साक्षीले."

लटारूनं मान हलवली. साहेबानं तिघांकडं पाहिलं, हसून पाहिलं, आणि कोणी हसलं नाही. मग त्यानं मूठ धरली. करंगळी बाहेर राहिली. तो वाकला आणि वरच्या टोकाकडून खाली, फरशी झाडावी तसा हात मारू लागला. हिरव्या कापडावर उभ्या लवेचा काळपट पट्टा उठला.

"उलटा नोको," केसरबाई म्हणाली. "त्या टोकापासून या टोकाले. लव झोपली पाह्यजे. घासू नोको, ओढ."

'तू' कधी आला ते तिलाही कळलं नाही. माधवीला कळला, तिनं सासूकडं चमकून पाहिलं. साहेब टेबलाच्या खालच्या टोकाशी गेला. धूळ बारीक उडून कूलरच्या हवेत फिरली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर बसली. अर्ध्यावर येऊन तो थांबला, दम लागला होता, आणि मुठीकडं पाहू लागला, सागवानी, हातांच्या घामानं काळी झालेली, आणि मग तिच्याकडं, मग पुन्हा मुठीकडं. काहीतरी त्याच्या डोळ्यांत फिरत फिरत येऊन थांबलं. ते थांबताना तिनं पाहिलं.

"तुम्ही... तो मार्कर..."

"सोमाजी," ती म्हणाली. "नाव त्याचं. म्हना."

त्याचे ओठ हलले. बाहेर पंक्चरवाल्यानं हाक मारली, "साहेब, झाली गाडी!" दारात ऊन होतं. कोणी त्याला धरलं नव्हतं, आणि तरी तो जागचा हलला नाही.

"सोमाजी," तो म्हणाला. वाक्य शेवटी हसलं नाही.

त्यानं उरलेलं टेबल झाडलं, खालून वर, आणि ब्रश खिळ्याला लावायला वळला. केसरबाईनं वाकून टेबलाकडं तिरकं पाहिलं, उजेडाच्या बाजूनं, सोमाजी पाहायचा तसं. मधल्या खिशाजवळ चॉकचा एक निळा ठिपका राहिला होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हे राह्यलं. आनखी एकडाव मार." तिनं खिशांतले बॉल काढायला सुरुवात केली, एकेक करून त्रिकोणात घातले. "मंग काठी घे. दुसरा गेम लावून राह्यली मी, ब्रेक माहा हाय, हारला का पुन्हा ब्रश तुहाच. सोमाजी मार्करले महिनाभर निस्ता ब्रशच मारू देल्ला होता. तुहा आज पयला दिवस हाय."